कामावरची जोखीम: ओळखायची कशी, आवरायची कशी

अपघातांच्या नोंदवहीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘कामगाराचं दुर्लक्ष झालं. पुढे काळजी घेण्याची समज दिली.’ हे वाक्य दिसलं की मागच्या वर्षाची पानं चाळायची मला सवयच लागली आहे. बऱ्याचदा त्याच मशीनवर, त्याच कोपऱ्यात, आणखी कुणाचं तरी ‘दुर्लक्ष’ झालेलं निघतं. माणसं बदलली, दुर्लक्ष मात्र जागच्या जागी राहिलं. मग शंका यायलाच हवी, की खोट माणसात आहे की त्या जागेत?

ही शंका अपघात व्हायच्या आधीच घेणं म्हणजे जोखमीचं मूल्यमापन. कारखान्याच्या भाषेत ‘रिस्क असेसमेंट’. काम नीट बघायचं, कुणाला कशाने इजा होऊ शकते ते लिहायचं, त्यातलं आधी काय हातात घ्यायचं ते ठरवायचं आणि त्याचा बंदोबस्त करायचा. ऐकायला सरळ आहे. तरी बहुतेक ठिकाणी त्याचा एक तक्ता होतो, तक्त्याची फाइल होते आणि फाइल तपासणीच्या दिवशी कपाटातून बाहेर येते.

धोका एक, जोखीम दुसरी

बोलताना आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. इथे ते वेगळे ठेवले की अर्धं काम सोपं होतं. धोका म्हणजे इजा करण्याची ताकद असलेली गोष्ट: फिरतं पातं, उंची, वीज, ॲसिड, वाफ, लागोपाठच्या रात्रपाळ्यांचा थकवासुद्धा. जोखीम म्हणजे त्या गोष्टीने कुणाला तरी खरोखर इजा होण्याची शक्यता, आणि झालीच तर ती किती मोठी असेल याचा अंदाज. सीलबंद पिंपातलं ॲसिड आणि मगाने उपसून बादलीत ओतलं जाणारं ॲसिड, यात धोका तोच आहे. जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून तक्त्यात नुसतं ‘मशीनचा धोका’ असं लिहिलं तर ते काहीच न लिहिल्यासारखं आहे. उपयोगी पडणारी नोंद अशी असते: ‘साफसफाईच्या वेळी पट्टा चालू ठेवून रोलरला चिकटलेला माल हाताने खरवडतात, हात पट्टा आणि रोलरच्या मध्ये ओढला जाऊ शकतो.’ यात कोण, कधी, काय करताना आणि कसं, हे सगळं आलं. अशी नोंद वाचली की उपाय आपोआप सुचायला लागतो. ‘मशीनचा धोका’ वाचून फार तर ‘सावध राहा’ची पाटी सुचते.

शोधायचं कुठे

खुर्चीत बसून तर नाहीच. कामाची लेखी पद्धत आणि प्रत्यक्ष चालणारं काम यांत नेहमी फट असते, आणि इजा बहुधा त्या फटीतच दबा धरून बसलेली असते. पद्धतीत लिहिलेलं असतं, ‘मशीन बंद करून अडकलेला तुकडा काढावा.’ मशीन पुन्हा सुरू करायला वीस मिनिटं लागत असतील आणि शिफ्टचं टार्गेट डोक्यावर असेल, तर तुकडा चालू मशीनमधूनच निघतो. हे दिसायला तिथे उभं राहावं लागतं, आणि तेही बराच वेळ. पहिली दहा मिनिटं सगळेच नियमाने वागतात.

विचारण्याचीही एक रीत आहे. ‘इथे काही धोका आहे का?’ असं विचारलं की ‘नाही साहेब’ हेच उत्तर मिळतं. ‘या कामातलं कुठलं काम नवीन मुलाला एकट्याला करायला देणार नाहीस?’ असं विचारून बघा. जुना ऑपरेटर क्षणाचाही विचार न करता बोट दाखवतो.

रोजच्या सुरळीत कामापेक्षा अधूनमधून होणारी कामं जास्त घातक असतात: दुरुस्ती, साफसफाई, बंद पडलेली लाइन पुन्हा सुरू करणं, अडकलेलं सोडवणं. ती वर्षातून चारदा होतात म्हणून तक्त्यात येत नाहीत, आणि चारदाच होतात म्हणून कुणाच्या अंगवळणीही पडलेली नसतात. माणसांचंही तसंच. कालच रुजू झालेला, कंत्राटदाराकडून दोन दिवसांसाठी आलेला, सूचनांची भाषा न वाचता येणारा, गरोदर बाई, रात्री एकटाच राहणारा पहारेकरी. कायमच्या ऑपरेटरला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला तक्ता यातल्या कुणाच्याच कामाचा नसतो.

आणि जे दिसत नाही ते. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितलं, की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा: तू काम काय करतोस? १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. तीन शतकं उलटली, तरी जोखीम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पडणं, कापणं आणि जळणंच येतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार कामामुळे दरवर्षी जगात २९ लाखांहून अधिक माणसं दगावतात. त्यातले अपघातांचे बळी साधारण ३.३ लाख. बाकीचे सगळे आजारांनी जातात. ॲस्बेस्टॉसचे तंतू छातीत गेले तर त्यातून होणारा कर्करोग कित्येक दशकांनी डोकं वर काढतो. तोवर माणूस निवृत्त झालेला असतो आणि त्याचं नाव कुठल्याच अपघात-नोंदवहीत येत नाही.

आकडे, आणि आकड्यांची फसगत

यादी झाली की क्रम लावावा लागतो. त्यासाठी सगळीकडे दिसतो तो पाच बाय पाचचा रंगीत चौकोन. शक्यतेला १ ते ५ गुण, इजेच्या गांभीर्याला १ ते ५ गुण, दोन्हींचा गुणाकार. मोठा आकडा लाल, मधला पिवळा, छोटा हिरवा.

चौकोन वाईट नाही. निदान चार माणसं एका टेबलाशी बसून ‘तुला हे इतकं गंभीर का वाटतं?’ असं एकमेकांना विचारतात, हा त्याचा खरा फायदा. पण त्यातून निघणाऱ्या आकड्यावर फार विसंबू नका. रोज बोटाला ओरखडा येणारं काम घ्या: शक्यता ५, गांभीर्य १, गुणाकार ५. आता क्वचितच घडेल पण घडलं तर जीवच जाईल असं काम घ्या: शक्यता १, गांभीर्य ५, गुणाकार पुन्हा ५. चौकोनाच्या लेखी दोन्ही सारखीच, दोन्ही हिरवी. हे गुण म्हणजे शर्यतीतल्या क्रमांकांसारखे आहेत. पहिला दुसऱ्याच्या पुढे होता एवढंच त्यांतून कळतं, किती पुढे ते कळत नाही. क्रमांकांचा गुणाकार करून काही मोजल्याचं समाधान मिळतं, मोजमाप होत नाही. म्हणून मी गांभीर्य ५ असलेल्या सगळ्या नोंदी आधी बाजूला काढतो, गुणाकार काहीही येवो.

दुसरी फसगत माणसांची. काम थांबू नये हे आधी ठरतं आणि मग शक्यतेचा ४ हळूच २ होतो. ‘हेल्मेट दिलं आहे’ म्हणून गांभीर्यही ५ वरून २ वर आणलेलं मी पाहिलं आहे. डोक्यावर दोन टनांचा बोजा पडला तर हेल्मेटने काय होणार?

छोट्या दुखापती मोजून मोठ्या अपघाताचा अंदाज बांधण्याचीही सवय जुनी आहे. १९३१ मध्ये हर्बर्ट हाइनरिक यांनी एक प्रमाण मांडलं: एका मोठ्या दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० बिनदुखापतीच्या घटना. हे प्रमाण दाखवणारा त्रिकोण आजही भिंतींवर दिसतो. त्यावरून लोक असं धरून चालतात की बोटं कापणं कमी झालं की स्फोटही टळतील. पण बोट कापण्याची कारणं वेगळी, स्फोटाची वेगळी. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तरत्या फलाटावर स्फोट झाला, ११ जण गेले. त्या दिवशी वरिष्ठ अधिकारी फलाटावरच होते. कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत न होता सात वर्षं काढल्याचं कौतुक, हेही त्यांच्या भेटीचं एक कारण होतं.

आवरायचं कसं: वरून खाली

उपायांची एक ठरलेली उतरंड आहे. सगळ्यात वर धोकाच काढून टाकणं. ते जमत नसेल तर त्याच्या जागी सौम्य काहीतरी आणणं. तेही नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये भिंत, गार्ड, पंखा असं काहीतरी उभं करणं. मग नियम, धोक्याचं काम सुरू करण्याआधी घ्यायचे लेखी परवाने, प्रशिक्षण, पाट्या. शेवटी अंगावर घालायची साधनं. क्रमामागचं कारण साधं आहे: वरचे उपाय माणूस दमला, विसरला, घाईत असला तरी काम करतात. खालच्या उपायांना दर वेळी, दर माणसाची साथ लागते.

टाकीची साफसफाई घेऊ. मॅनहोलमधून माणूस आत उतरतो आणि तळाचा गाळ काढतो. हे काम मी मुद्दाम निवडतो आहे, कारण यातला धोका माणसाला कळतच नाही. हवेत प्राणवायू साधारण २०.९ टक्के असतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर ती हवा अपुरी धरायची. बंद टाकीत लोखंड गंजताना प्राणवायू खर्च होतो, गाळ कुजताना होतो, नायट्रोजन भरलेला असेल तर प्राणवायू उरतच नाही. पण गुदमरल्याची जाणीव शरीराला होते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे, प्राणवायू घटल्यामुळे नव्हे. नायट्रोजनमध्ये श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, त्यामुळे त्याला घुसमट जाणवत नाही. नुसता नायट्रोजन असेल तर एक-दोन श्वासांत शुद्ध जाते. गाळातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा आणखी वाईट. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. ‘वास गेला, म्हणजे गॅस गेला’ असं वाटतं, तेव्हाच तो घातक झालेला असतो.

मग वरून बघणारा मित्र काय करतो? उडी मारतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संशोधन संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं, की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले होते. इथे ‘सावध राहा’चा काय उपयोग? उडी मारणाऱ्याला धोका ठाऊक असतोच. मैत्री धोक्याहून मोठी ठरते.

आता या कामाला उतरंड लावा. पहिला प्रश्न, कुणी आत जायलाच हवं का? फिरत्या नोझलने बाहेरून उच्च दाबाचं पाणी मारून टाकी धुता येते. टाकीचा तळ उतरता केला तर गाळ साचतच नाही. हे टाकी विकत घेतानाच ठरवलं तर सोपं पडतं, नंतर महाग. जाण्यावाचून गत्यंतर नसेल, तर टाकीला जोडलेल्या नळ्या खोलून वेगळ्या करा. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, व्हॉल्व्ह गळतात. ब्लोअर लावा. आत उतरण्याआधी वर, मध्ये आणि तळाशी गॅस मोजा, आणि माणूस आत असेपर्यंत मोजत राहा. मग परवाना, बाहेर बसून राहणारा माणूस, आणि आतल्याच्या हार्नेसला (अंगावरच्या पट्ट्यांना) बांधलेला दोर तिपाईवरच्या विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून वर ओढणाऱ्या चाकावर, म्हणजे त्याला बाहेर काढायला कुणालाच आत उतरावं लागणार नाही. या सगळ्यानंतर मास्कचा विचार. धुळीचा मास्क तर इथे निरुपयोगीच, तो प्राणवायू तयार करत नाही.

धोकाच काढून टाकण्याची पायरी किती मोठी असू शकते हे पाहायचं तर भोपाळ आठवावं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिथे सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. हे रसायन विकायचा माल नव्हतंच. कीटकनाशक बनवतानाचा तो मधला टप्पा होता. लागेल तेवढंच बनवून लगेच वापरलं असतं तर टाक्या भरून ठेवायची गरज नव्हती. जे साठवलंच नाही, ते गळणार कसं? आणि जे अडथळे उभे केले होते त्यांतली टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. कागदावर सगळे अडथळे जागच्या जागी होते.

परवाना ही चिठ्ठी असते

नियम आणि परवाने मी खालच्या पायरीवर टाकले, पण त्यांच्याशिवाय चालत नाही. प्रश्न असा, की परवाना म्हणजे माहिती एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेणारी चिठ्ठी. चिठ्ठी हरवली की परवाना संपला. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रात पायपर अल्फा या तेलफलाटावर दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला आणि त्या जागी नळीचं तोंड बंद करणारी तात्पुरती चकती बसवली. काम संध्याकाळपर्यंत संपलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पहिल्या पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा परवाना सापडला. ती दुरुस्ती सुरूच झाली नव्हती, म्हणजे पंप चालवायला हरकत नाही असं त्यांना वाटलं. व्हॉल्व्हचा परवाना वेगळा होता, तो त्यांनी पाहिलाच नाही. पंप सुरू झाला, चकतीतून वायू फुटला. १६७ माणसं गेली.

याच्या तुलनेत कुलपाची पद्धत बघा. मशीनवर काम करणारा प्रत्येक जण मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. पाच जण काम करत असतील तर पाच कुलुपं. कुणी कुणाला काही सांगायला विसरलं, तरी पाचवं कुलूप निघेपर्यंत मशीन सुरू होत नाही. कुलूप लावल्यावर चालू करायचं बटण एकदा दाबून बघायचं, हा भाग मात्र लोक गाळतात. चुकीच्या स्विचला कुलूप लागलं असेल तर ते इथेच कळतं. आणि वीज बंद केली तरी दाबलेली स्प्रिंग, हायड्रॉलिकचा दाब, वर उचलून ठेवलेला भार यांची ऊर्जा शिल्लक असते. ती वेगळी उतरवायची.

इअरप्लगचं गणित

अंगावरची साधनं शेवटी का, हे आवाजाच्या उदाहरणाने सगळ्यात स्वच्छ दिसतं. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी मर्यादा. डेसिबल सरळ चढत नाही. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं.

आता समजा, इअरप्लग ३० डेसिबल आवाज अडवतो, म्हणजे कानात ऊर्जेचा हजारावा भाग जातो. कामगाराने आठ तासांपैकी फक्त अर्धा तास प्लग काढला: कान खाजला, कुणाशी बोलायचं होतं. अर्धा तास म्हणजे पाळीचा सोळावा हिस्सा. त्या वेळात दिवसभराच्या ऊर्जेचा सोळावा हिस्सा उघड्या कानात गेला. उरलेले साडेसात तास प्लग कितीही चांगला असो, संरक्षण सोळापटीच्या वर जाऊ शकत नाही. सोळापट म्हणजे १२ डेसिबल. पाकिटावर ३०, कानात १२, आणि तेही फक्त अर्ध्या तासाच्या चुकीने. त्यापेक्षा गोंगाट करणाऱ्या कॉम्प्रेसरला आवरण घालणं किंवा तो भिंतीपलीकडे हलवणं परवडतं, कारण आवरणाला कान खाजत नाही.

शिवाय प्रत्येक उपाय आपल्याबरोबर नवी जोखीम घेऊन येतो. प्लग घातलेल्याला मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नाही. दगड कापताना पाणी सोडलं की सिलिकाची धूळ खाली बसते, पण फरशी निसरडी होते आणि विजेचं हत्यार ओलं होतं. म्हणून उपाय लिहून झाला की तोच तक्ता पुन्हा पहिल्यापासून वाचायचा.

किती खर्च करायचा

जोखीम शून्यावर कधीच येत नाही. मग थांबायचं कुठे? ब्रिटनमध्ये १९४९ साली एका कोळसा खाणीतल्या मृत्यूच्या खटल्यात अपील न्यायालयाने यासाठी एक तराजू दिला, आणि पुढे कित्येक देशांच्या कायद्यांत तो वापरात आला. एका पारड्यात जोखीम, दुसऱ्यात ती टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि खटाटोप. दुसरं पारडं अगदीच बेसुमार जड असेल तरच मालक सुटतो. नुसतं थोडं जड असून चालत नाही, आणि ते जड आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकाची. ‘बजेट नव्हतं’ या उत्तराला या तराजूत जागा नाही, कारण ते जोखमीविषयी काहीच सांगत नाही.

तक्त्याची तारीख

मशीन बदललं, रसायन बदललं, माणसं कमी केली, पाळीची वेळ बदलली, किंवा कुणी ‘थोडक्यात वाचलो’ म्हणालं, की तक्ता जुना झाला. यातलं शेवटचं सगळ्यात मोलाचं, आणि सगळ्यात लवकर बंद पडणारं. थोडक्यात वाचलेल्याने येऊन सांगितलं आणि त्यालाच मेमो मिळाला, तर पुढचा माणूस तोंड उघडत नाही.

मी तक्ता हातात घेऊन जागेवर जातो तेव्हा आधी तार आणि चिकटपट्टी शोधतो. एका ठिकाणी प्रेसच्या गार्डचा इंटरलॉक, म्हणजे गार्ड उघडा असताना मशीन चालू न देणारी कळ, तारेने बांधून टाकलेला सापडला. सुपरवायझर लगेच ऑपरेटरवर खेकसला. मी ऑपरेटरला विचारलं, गार्ड लावून काम करताना अडतं कुठे? तो म्हणाला, पत्रा खोबणीत बसला की नाही ते गार्डमधून दिसत नाही, दर दहातला एक तुकडा वाया जातो आणि ओरडा मलाच बसतो. गार्ड पत्र्याचा होता. त्या जागी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा बसवून घेतला आणि आत एक दिवा लावला. पुढच्या फेरीत तार मशीनवर नव्हती.